रात्री बारानंतरची गर्दी

(अमळनेर येथे यात्रा समित्या आणि उत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आपल्या खान्देशातल्या यात्रांना अलीकडे ‘महोत्सव’ म्हणण्याची पद्धत पडली आहे आणि ती केवळ नावापुरती राहिलेली नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्त जयंतीची यात्रा पूर्वीपासून भरते, घोड्यांचा बाजारही पूर्वीचाच. आता त्याला चेतक महोत्सवाची जोड मिळाली आहे. इतरत्रही तमाशाच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर अहिराणी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा असतो, त्याच्या पलीकडे पाळणे आणि मौत का कुआँ, आणि या सगळ्यांच्या मधल्या बोळात गोडीशेव, जिलबी आणि शेवभाजीची दुकाने. रात्री अकरानंतर या बोळाचे काय होते, एवढाच माझा आजचा विषय आहे. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवत आलो, त्यामुळे गर्दीकडे पाहताना माझे लक्ष माणसांच्या स्वभावापेक्षा रुंदी, उतार आणि वेळ यांकडे जाते, हे आधीच कबूल करतो.

प्रथम एका शब्दाविषयी. ‘चेंगराचेंगरी’ हा आपला शब्द फार नेमका आहे, परंतु बातम्यांमध्ये त्याच्या मागेपुढे ‘अफवा पसरली’, ‘पळापळ झाली’, ‘लोक तुडवले गेले’ अशी वाक्ये जोडली जातात आणि वाचणाऱ्याची समजूत होते की लोक बेभान झाले म्हणून मेले. अशा बहुतेक घटनांत धावायला जागाच नसते. माणूस उभ्या उभ्या चेंगरला जातो. छातीवर चारही बाजूंनी दाब येतो, बरगड्या फुलू शकत नाहीत, श्वास आत घेता येत नाही आणि काही मिनिटांत शुद्ध जाते. म्हणजे माणसे मरतात ती श्वास कोंडून, आणि श्वास कोंडतो तो एका ठरावीक जागेत ठरावीक संख्येहून अधिक माणसे सामावली गेल्यामुळे. हा प्रश्न शिस्तीचा असण्याआधी मोजमापाचा आहे.

ते मोजमाप समजायला आपल्या अंगणातली खाट पुरेशी आहे. एक खाट साधारण दीड चौरस मीटर जागा घेते. तेवढ्या जागेत तीन माणसे उभी असतील तर ती मोकळेपणाने चालू शकतात. सहा उभी असतील, म्हणजे चौरस मीटरला चार, तर चाल मंदावते आणि खांद्याला खांदा लागतो. नऊच्या पुढे गेलात की प्रत्येक माणसाची स्वतःची अशी हालचाल संपते. गर्दी पाण्यासारखी वागू लागते, मागे कोणीतरी दिलेला रेटा लाटेसारखा पुढे जातो आणि पाय न उचलताही शरीर सरकते. त्या अवस्थेत ‘ढकलू नका’ हे सांगण्याला अर्थ उरत नाही, कारण कोणी एक जण ढकलत नसतो. जळगावच्या श्रीराम रथाला मोगरी लावणारे लोक तुम्ही पाहिले आहेत. त्या रथाला ब्रेक नाही. चाकाच्या पुढे वेळेवर लाकडी मोगरी घालावी लागते, आणि ती घालणाऱ्याला रथ अजून दोन हात मागे असतानाच निर्णय घ्यावा लागतो. गर्दीचेही तसेच आहे. ती दाटल्यावर तिला थोपवता येत नाही, दाटण्याआधी मात्र वळवता येते.

आता रात्रीकडे येऊ. रात्रीची गर्दी दिवसाच्या गर्दीपेक्षा वेगळी असते, आणि त्याचे कारण दारू आहे असे आपण पटकन म्हणतो. दारू आहेच, थकवा आहे, पौषातली थंडीही आहे. परंतु माझ्या मते खरे कारण वेळापत्रकात आहे. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाचे उदाहरण घ्या. तिथे दोन लाखांच्या आसपास माणसे शेतजमिनीवर पाच दिवस राहतात. मुख्य मंचावरचा शेवटचा कार्यक्रम संपला की मैदानाच्या आग्नेय कोपऱ्यात रात्रभर चालणाऱ्या नाचगाण्याच्या भागाकडे प्रचंड लोंढा निघतो. एवढ्या लोकांना मंचासमोर उभे करणे तुलनेने सोपे असते. ती माणसे एकाच घटकेला उठून एकाच दिशेला निघतात तेव्हा कठीण जाते. म्हणून तिथे त्या कोपऱ्यासाठी रात्री एकेरी वाट ठेवतात आणि आत जाणाऱ्यांना लांबचा वळसा घ्यायला लावतात. धोका कार्यक्रमात कमी आणि दोन कार्यक्रमांच्या मधल्या अर्ध्या तासात जास्त असतो.

आपल्याकडे हा अर्धा तास कायद्याने ठरवून दिला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत १२ पर्यंत वाढवू शकते. हा नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. यात्रेच्या गावातही आजारी माणसे, तान्ही मुले आणि परीक्षेला बसलेली पोरे असतातच. परंतु त्याचा एक परिणाम आपण कधी हिशेबात धरला नाही. पूर्वी तमाशातले वगनाट्य तांबडे फुटेपर्यंत चालत असे. काही लोक एक वाजता उठत, काही तीनला, उरलेले उजाडल्यावर पहिली एस.टी. धरून घरी जात. गर्दी आपोआप पाच तासांत वाटली जाई. आता ठीक बारा वाजता पोलीस येऊन उभे राहतात, गाणे मध्येच तुटते आणि सगळे मैदान एकदम उठते. पुन्हा आपली रीत अशी की, सर्वांत मोठा कलाकार सर्वांत शेवटी. म्हणजे गर्दीचा कळस आणि सक्तीचा शेवट हे दोन्ही आपण हौसेने एकाच मिनिटावर आणून ठेवतो.

हे टाळण्यासाठी लोखंडी बॅरिकेड विकत घ्यावे लागत नाही. ज्याच्यासाठी लोक आले आहेत त्याला साडेनऊला मंचावर आणा आणि अकराला मोकळे करा. त्यानंतर बारापर्यंत वही गायन, म्हणजे आपली खान्देशी लोकगाणी, ठेवा, गावातल्या पोरांची गाणी ठेवा, बक्षीस समारंभ ठेवा. निम्मे लोक निघून जातील आणि पुढाऱ्यांची भाषणे ऐकायला कमी माणसे उरतील, ही अडचण मला ठाऊक आहे. ती अडचणच आपल्या उपयोगाची आहे. दोन मंच असतील तर दोन्हीकडचा शेवट एकाच वेळी येऊ देऊ नका. किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवा, आणि एकीकडून सुटलेली गर्दी दुसरीकडे आत शिरणाऱ्या गर्दीला समोरासमोर भेटणार नाही अशा बेताने दरवाजे लावा.

समोरासमोर भेटणे म्हणजे काय, हे २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री दक्षिण कोरियात सोल शहराच्या इतेवॉन भागात दिसले. तिथे मंच नव्हता, कलाकार नव्हता, आयोजकही नव्हता. हॅलोविनसाठी तरुण मुले हॉटेलांच्या गल्लीत जमली होती. मेट्रो स्थानकाजवळच्या मोठ्या रस्त्यावरून वरच्या गल्लीकडे जाणारा चाळीस-पंचेचाळीस मीटर लांबीचा, उताराचा आणि काही ठिकाणी जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीचा एक बोळ. त्यात खालून वर जाणारे आणि वरून खाली येणारे अडकले. १५९ जणांचा जीव गेला. पोलिसांना पहिला इशारा देणारा फोन संध्याकाळी ६:३४ ला आला होता, दुर्घटना घडली रात्री सव्वादहाच्या सुमारास. मधल्या पावणेचार तासांत तो बोळ एकेरी करायला चार माणसे आणि एक दोर पुरला असता, असे मला वाटते. जर्मनीत डुइसबुर्ग येथे २४ जुलै २०१० रोजी लव्ह परेड या संगीत महोत्सवात २१ जण गेले, तिथेही मैदानात जाण्याची आणि बाहेर पडण्याची वाट बोगद्यांतून येणारा एकच उतार होती. एकेरी वाट ही काही परकी कल्पना नव्हे. देवळात प्रदक्षिणा उलटी घालणाऱ्याला आपण लगेच अडवतो. यात्रेच्या बोळाला तोच नियम लावायचा आहे.

रुंदीचा हिशेब प्रत्येक समितीने कागदावर करावा. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी जे प्रमाण वापरतात त्याप्रमाणे सपाट जागेवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला फार तर ८२ माणसे बाहेर पडतात आणि पायऱ्यांवरून ६६. समजा, मैदानात बारा हजार लोक आहेत आणि तीन-तीन मीटरची तीन फाटके आहेत. मिनिटाला सुमारे ७४० माणसे, म्हणजे सोळा-सतरा मिनिटांत मैदान रिकामे. आता यातले एक फाटक फुकटे शिरतात म्हणून कुलूपबंद ठेवा आणि दुसऱ्याच्या तोंडाशी पाहुण्यांच्या गाड्या लावा. उरलेल्या एका फाटकातून तेवढ्याच लोकांना पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल, तोही सिमेंटच्या वाटेवर. काळ्या मातीच्या ढेकळांवरून, जनरेटरच्या केबली ओलांडत, कडेवर झोपलेले पोर घेऊन चालणाऱ्यांचा वेग याहून कमीच असतो.

हे उदाहरण मी मनाने रचलेले नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागात शाळेच्या पटांगणावर झालेल्या एका ऑर्केस्ट्राला मी सहकुटुंब गेलो होतो. कार्यक्रम संपला तेव्हा मागच्या फाटकाला कुलूप होते, आणि किल्ली ज्या कार्यकर्त्याकडे होती तो चहाला गेलेला होता. सुदैवाने कोणाला काही झाले नाही. भिंतीवरून पोरे पलीकडे उतरवली गेली आणि सकाळी फाटकापाशी चपलांचा ढीग तेवढा उरला. पण त्या दहा मिनिटांत माझ्या पत्नीचा हात माझ्या हातातून सुटला होता आणि तो पुन्हा धरण्यासाठी मला माझा हात वर काढता येत नव्हता. तेव्हापासून कोणत्याही मांडवात शिरताना मी आधी दुसरे दार शोधतो. फाटकावर कुलूप नको, माणूस हवा; आणि त्याला चहा जागेवर मिळायला हवा.

दिव्यांविषयी थोडे. मंचावरच्या भगभगीत एलईडी पडद्याकडे दोन तास पाहिलेल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. नेमक्या त्याच वेळी आपले मंडपवाले जनरेटर बंद करून वायर गुंडाळायला सुरुवात करतात. बाहेर जाण्याच्या वाटेवरचे दिवे मंचाच्या जनरेटरवर घेऊच नयेत. ते वेगळे असावेत, स्थिर असावेत आणि शेवटचा माणूस रस्त्याला लागेपर्यंत जळत राहावेत.

कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे कार्यक्रमापूर्वी ठरलेले असावे. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये ५ नोव्हेंबर २०२१ च्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड या संगीत महोत्सवात दहा जण गेले. अनेक जण जखमी असल्याचे यंत्रणेने जाहीर केल्यानंतरही गाणे सुमारे अर्धा तास चालूच होते. मंचावरून पुढच्या दहा रांगा दिसतात, त्यामागे केवळ हलणारे हात दिसतात. म्हणून पाहणारा माणूस उंचावर हवा. ज्वारी राखायला आपण शेतात माळा बांधतो तसे दोन माळे मैदानात उभारावेत, त्यावर बसणाऱ्याने गाणे पाहू नये, गर्दीच पाहावी, आणि त्याने हिरवा दिवा लाल केला की ध्वनियंत्रणेवाल्याने कोणालाही न विचारता आवाज खाली घ्यावा. त्यानंतरची सूचनाही साधी हवी आणि लोकांच्या बोलीत हवी. ‘मांगे सरका भो’ हे जेवढे लवकर समजते तेवढे छापील मराठी वाक्य समजत नाही; नंदुरबारकडे भिली आणि पावरी बोलणारा माणूस माइकपाशी असलाच पाहिजे. सूचना मात्र मागच्या लोकांना आधी द्यावी लागते. पुढचे लोक मागे सरकू शकत नाहीत, कारण त्यांच्या मागे जागा नसते. डेन्मार्कमध्ये रोस्किल्दे येथील संगीत महोत्सवात ३० जून २००० च्या रात्री गायकाने गाणे थांबवून लोकांना मागे सरकण्याची विनंती केली होती, तरी पावसाने निसरड्या झालेल्या जमिनीवर पडलेले नऊ तरुण दगावले. नंतर तिथे मंचासमोरचा भाग कठड्यांनी वेगळा करून त्यात मोजूनच माणसे सोडण्याची पद्धत आली.

या संदर्भात मला अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीचे नेहमी नवल वाटते. सातपुड्यातल्या कितीतरी गावांचे लोक तिथे जमतात, कमरेला घुंगरू आणि डोक्यावर मोरपिसांचे टोप बांधून ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. त्या गर्दीला ‘पुढची बाजू’ नाही. प्रत्येक गावाचा ढोल वेगळा, प्रत्येकाचे रिंगण वेगळे, आणि सगळे फिरत असतात. एकाच मंचाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या गर्दीत प्रत्येकाला एक पाऊल पुढे हवे असते. रिंगणात ती ओढ निर्माणच होत नाही. घाटातला अरुंद रस्ता आणि वाहनांची कोंडी हे तिथले प्रश्न वेगळे आहेत, परंतु मैदानाची रचना म्हणून मंडप आखणाऱ्यांनी ती जागा एकदा पाहून यावी.

राहिला प्रश्न, जो मघाशी एका आप्पांनी विचारला, की बारा वाजता बाहेर पडलेल्या माणसाने जायचे कुठे. खेड्यावरून आलेल्याला पहाटेशिवाय गाडी नसते. तो दुकानांच्या मागे, वाटेच्या कडेला, घोंगडी अंथरून आडवा होतो. प्रयागराजच्या कुंभात २९ जानेवारी २०२५ रोजी रात्री एक-दोनच्या सुमारास जे घडले, त्यात बॅरिकेड मोडून आलेला लोंढा स्नानाची वाट पाहत जमिनीवर झोपलेल्या लोकांवर गेला, असे प्रशासनाने सांगितले. ३० मृत्यू जाहीर झाले. इथे अमळनेरात बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरते तेव्हाही माणसे अशीच झोपतात. त्यांना हुसकावू नका, कारण ती उठून दुसऱ्या वाटेत झोपतील. वाटेपासून दूर, बसथांब्याच्या बाजूला एक मोकळी जागा आखा, तिला दोर बांधा, पाणी ठेवा, थंडीत शेकोटीची जागा ठरवून द्या, आणि चुकामूक झालेल्यांनीही तिथेच यावे असे संध्याकाळपासून माइकवर सांगत राहा. मोबाइल लागत नसला की माणूस आपल्या माणसाला शोधायला उलटा मैदानात शिरतो, तो तिकडे वळला पाहिजे. जनरेटरचा करार करताना त्या जागेच्या दिव्यांसाठी सकाळी सहापर्यंतची वेळ लिहून घ्या. डिझेलचा खर्च वाढेल, हे मंडपवाला तुम्हाला सांगेलच. तो शेवटच्या कलाकाराच्या मानधनातून कापा, कारण त्याला आता अकरालाच जायचे आहे.