बांग सेनचे चार दिवस

श्रोतेहो, नमस्कार. जगाची राजकीय घडी विस्कटत चालली आहे, हे आता कोणी नव्याने सांगायला नको. देशादेशांतल्या व्यापारी तंट्यांवर अंतिम निवाडा देणारे जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, आणि सुरक्षा परिषद नकाराधिकारापुढे पुन्हा पुन्हा हतबल होते आहे. अशा काळात नेत्यांनी कसे वागावे, या प्रश्नाशी आलो की मला १९६७ च्या ऑगस्टमधली एक हकीकत सांगावीशी वाटते.

थायलंडचे परराष्ट्रमंत्री थनात खोमान यांनी शेजारच्या चार देशांच्या मंत्र्यांना बँकॉकजवळच्या बांग सेन या समुद्रकाठच्या गावी बोलावले. या पाहुण्यांचे आपसांतले संबंध कसे होते, ते आधी ध्यानात घ्या. इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यातला सशस्त्र संघर्ष मिटून जेमतेम वर्ष झाले होते. सिंगापूर १९६५ मध्ये मलेशियातून बाहेर पडले होते आणि ती कटुता ताजी होती. मलेशियाच्या साबा प्रांतावर तर फिलिपिन्स उघडपणे हक्क सांगत होता. इंडोनेशियाचे अदम मलिक, मलेशियाचे अब्दुल रझाक, फिलिपिन्सचे नार्सिसो रामोस, सिंगापूरचे राजरत्नम आणि यजमान खोमान असे पाच जण चार दिवस तेथे राहिले. औपचारिक पोशाख त्यांनी बाजूला ठेवला. चर्चेच्या टेबलावर अडलेला मुद्दा ते गोल्फच्या मैदानावर नेत आणि एकमेकांच्या खेळाची थट्टा करता करता त्यातून वाट काढत. ८ ऑगस्टला बँकॉकमध्ये ज्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या आणि ज्यातून आसियान ही आग्नेय आशियाई देशांची संघटना उभी राहिली, त्यात अवघी पाच कलमे होती. पाच देश आणि पाच कलमे.

कोणीही आपला दावा सोडला नव्हता, हे मी मुद्दाम पुन्हा सांगतो. दावा सोडला नव्हता. संघटना उभी करण्यासाठी तो आधी निकालात निघाला पाहिजे, असा आग्रह मात्र सोडला होता. त्याची कसोटीही लवकरच लागली. १९६८ मध्ये साबावरून मलेशिया आणि फिलिपिन्स यांचे राजनैतिक संबंध तुटले आणि आसियानच्या बैठका काही महिने खोळंबल्या, परंतु संघटना मोडली नाही, आणि १९६९ च्या अखेरीस ते संबंध पुन्हा जुळले. राजरत्नम १९६५ पासून १९८० पर्यंत परराष्ट्रमंत्री होते, खोमान १९५९ पासून १९७१ पर्यंत. परराष्ट्रमंत्री वारंवार बदलणाऱ्या देशांची मला खरोखर काळजी वाटते, कारण माणसामाणसांतला विश्वास नव्या मंत्र्याला दप्तरातून मिळत नाही.

आजही हीच वाट खुली आहे. सगळे जग सहमत होण्याची वाट न पाहता, जे देश एखाद्या प्रश्नापुरते तयार आहेत, त्यांनी तेवढ्यापुरते एकत्र यावे. २०१७ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरी व्यापार करारातून अंग काढून घेतले, तेव्हा उरलेल्या ११ देशांनी मार्च २०१८ मध्ये आपापसांत करार केला. अपील मंडळ बंद पडल्यावर युरोपीय संघाने आणि इतर काही सदस्यांनी २०२० मध्ये आपल्यापुरती हंगामी लवाद व्यवस्था उभारली. या मार्गाला मर्यादा आहेतच. म्यानमारमधील २०२१ च्या लष्करी उठावानंतर आसियानने पाच मुद्द्यांवर सहमती घडवली, पण तेथील लष्कराकडून ती पाळून घेणे आसियानला जमलेले नाही, आणि त्याची किंमत म्यानमारची जनता मोजते आहे.