फूल कूळ सांगतं, शेंग नाव

मंडळी, टेबलावर तीन कुंड्या आहेत, त्या आधी नीट बघून घ्या. पहिलीत मोहरी आहे, आपल्या फोडणीच्या डब्यातलीच. दुसरीत अळीव. तिसरीत काढायचा राहून गेलेला मुळा, फुलावर आलेला. मोहरीचं फूल पिवळं, बाकी दोघांचं पांढरं. गोव्याच्या उकाड्यात हे मोहरीचं कूळ रानात फारसं दिसत नाही, त्याला गारवा लागतो. पण आपल्या स्वयंपाकघरात ते पुरेपूर आहे. म्हणून आजचा विषय दूरदेशीच्या तणाचा असला तरी तुम्हाला परका वाटणार नाही.

गेल्या एप्रिलात माझ्या भाचीनं कोलोरॅडोहून फोटो पाठवला. घरामागच्या कुंपणालगत पांढऱ्या बारीक फुलांचा नुसता गालिचा. खाली लिहिलं होतं, ‘मावशी, हे काय आहे? मागच्या वर्षी उपटलं होतं, यंदा दुप्पट आलंय.’ फोनमधल्या अ‍ॅपनं तिला तीन नावं दिली होती आणि शेजारीण चौथंच सांगत होती. मला फोटोपेक्षा ‘उपटलं होतं, दुप्पट आलं’ हे शब्द जास्त कामाचे वाटले. त्यांच्याकडे शेवटी येते.

आधी कूळ ठरवायचं. मुळ्याचं फूल घ्या, चार पाकळ्या समोरासमोर, फुलीसारख्या. आता काडीनं पाकळ्या हळूच बाजूला सारा. पुंकेसर सहा आहेत, पण सारखे नाहीत. चार उंच, आणि दोन कडेला बुटके. मोहरीकुळाची ही खूण इतकी पक्की, की वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं तेवढ्यावरून आपल्या वर्गीकरणात एक स्वतंत्र वर्ग केला. त्या वर्गाचे त्यानं पुन्हा दोन भाग पाडले ते मात्र फुलावरून नव्हे, शेंगेवरून. लांब शेंगेचे एकीकडे, आखूड शेंगेचे दुसरीकडे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरी खूण वासाची. पान चुरडलं की नाकात जातं. आंब्याच्या सासवासाठी मोहरी वाटताना डोळ्यांत पाणी येतं, तेच हे. तिखटपणा दाण्यात तयार नसतो. दोन द्रव्यं वेगवेगळ्या ठिकाणी असतात, दाणा भरडला आणि ओल लागली की ती एकत्र येतात आणि झणका उठतो. उकळत्या तेलात त्यातलं एक मरतं, म्हणून फोडणीतली मोहरी झोंबत नाही. पण एकट्या वासावर विसंबू नका. शेवग्याच्या मुळालाही हाच झणका असतो.

आपल्याकडे फसवते ती पांढरी तिळवण. पावसात मेरेवर उगवते. चार पांढऱ्या पाकळ्या, सहा पुंकेसर, लांब शेंग, उग्र वास. पण तिचं पान हाताच्या पंज्यासारखं, पाच बोटांचं. पुंकेसर जवळपास सारख्या लांबीचे, आणि पाकळ्यांच्या वर एका दांडीवर चढून बसलेले. शेंग उकलली तर आत पडदा नाही. मोहरीची ही वाळलेली शेंग बघा. खालून दाबली की दोन्ही टरफलं गळतात आणि मधे कागदासारखा पातळ पडदा उरतो, उजेडात धरला तर पलीकडचं दिसतं. तिळवण मोहरीची चुलत बहीण, सख्खी नव्हे.

भाचीच्या फोटोवरून एवढंच कळलं की कूळ मोहरीचं. नाव सांगायचं मी टाळलं. तिला म्हटलं, पानाचा फोटो बाजूनं काढ, आणि तीन आठवडे थांब, शेंग धरू दे. तिला ते पटलं नाही, तिला त्याच दिवशी फवारणी करायची होती. पण थांबली.

पानं राखट हिरवी होती. वरच्या पानांना देठ नव्हता. पानाच्या बुडाचे दोन कान खोडाला मिठी मारून होते. एवढ्यानं एक नाव गळलं. मोहरीकुळातलंच रुंद पानांचं एक बहुवर्षायू पांढरं तण तिकडे खारट, दमट जमिनीत छातीएवढं उंच वाढतं, पण त्याची पानं खोडाला मिठी मारत नाहीत. आपल्या लडाखमध्ये त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. लसणासारख्या वासाचं दुसरं एक आहे, तेही गळलं. ते दोन वर्षांचं सोबती, आणि भाचीकडच्या तणाच्या पानाला लसणाचा वास नव्हता. त्रिकोणी शेंगेचं वर्षायू तण शेंग दिसताच बाद झालं.

शेंग आली ती बदामाच्या आकाराची, पत्त्यांतल्या बदामासारखी, थोडी फुगीर, टोकाला काडी. म्हणजे लेपिडियम ड्राबा, लिनियसनं १७५३ साली नोंदलेलं. याची दोन जवळची भावंडं आहेत, फुलं अगदी अशीच. एकाची शेंग मसुरीच्या दाण्यासारखी, दुसऱ्याची गोल आणि लवदार. फूल बघून तिघांत फरक करणं अवघड, शेंग हातात असली की क्षणाचं काम. म्हणून विनंती करते, नुसत्या फुलाचा फोटो पाठवून नाव विचारू नका. आणि हा लेपिडियम कोण? आपल्या अळिवाचा नातलग. बाळंतिणीला नारळ-गूळ घालून ज्याचे लाडू देतो, ते याच लेपिडियम प्रजातीतलं, जात मात्र वेगळी. कुंडीतल्या अळिवाची शेंग बघा, चपटी, गोल, वर बारीक खाच.

हे तण मूळचं पश्चिम आशियाकडचं. इंग्लंडात ते कसं पसरलं याची हकीकत सांगतात ती अशी: १८०९ साली हॉलंडमधल्या वाल्खरेन बेटावरच्या मोहिमेतून तापानं खंगलेले इंग्रज सैनिक परतले, आणि त्यांच्या गाद्यांमधलं गवत इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या थॅनेटमध्ये शेतात खत म्हणून गेलं. त्याला तिकडे थॅनेटचं नाव पडलं आहे.

आता ते ‘दुप्पट आलं’. वर्षायू तणही बियांतून दरवर्षी येतं, तेव्हा पुन्हा उगवणं हा पुरावा नव्हे. मूळ बघावं लागतं. मी तिला खणायला सांगितलं. कोपरभर खोल गेली तरी पांढरं मूळ संपेना, आणि त्याला आडवे फाटे होते, त्यांवर डोळे. आपल्या लव्हाळ्याच्या गाठी आठवा, नांगरानं तुटल्या की चौफेर होतात. इथेही तसंच, म्हणून शेजाऱ्यानं सुचवलेलं जमीन उलटायचं यंत्र मी नको म्हटलं. शेंग धरायच्या आत कापायचं, आणि पुन्हा पुन्हा, काही वर्षं.

तुटलेला पेरभर तुकडा तिनं ओल्या कागदात गुंडाळून खिडकीत ठेवला होता. पुढचा फोटो त्याचाच आला. ना फूल, ना शेंग, नुसत्या पांढऱ्या मुळावर हिरवा कोंब.