आजाराआधी भरायचा अर्ज

(दृश्य: ११ सप्टेंबर २००१, लोअर मॅनहॅटन. करड्या थराखाली गेलेला रस्ता आणि अग्निशमन दलाची गाडी.)

गाडीच्या टपावरचा हा थर नीट पाहा. यात राख कमी आणि कोसळलेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरची इमारत जास्त आहे: दळलं गेलेलं काँक्रीट, जिप्सम बोर्ड, काचतंतू, सोबत ॲस्बेस्टॉस आणि शिसं. काँक्रीटमुळे ही धूळ चुन्यासारखी अल्कधर्मी होती. नाक, घसा, श्वासनलिका, जिथे बसली तिथे ती पोळत गेली. ढिगाऱ्याखालची आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती. लोखंडी तुळई उचलली की खालून पुन्हा धूर.

(दृश्य: मास्क गळ्यात लटकवून वॉकीटॉकीवर बोलणारा कामगार.)

याला निष्काळजीपणा म्हणू नका. अर्ध्या चेहऱ्याचा रेस्पिरेटर लावून बोललेलं पलीकडच्याला कळत नाही. त्यातून अशा धुळीत फिल्टर लवकर चोंदतो; बदली फिल्टर हाताशी नसला की दम कोंडतो आणि माणूस मास्क खाली ओढतो. शिवाय १८ सप्टेंबरला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी हवा श्वास घेण्यास सुरक्षित असल्याचं जाहीर केलं होतं. ढिगारा उपसणाऱ्याने मग कुणावर विश्वास ठेवायचा?

(दृश्य: बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवर, उतरणारा मलबा; स्टेटन आयलंडवरची फ्रेश किल्स कचराभूमी.)

मलबा बार्जमधून इथे यायचा आणि अवशेष शोधण्यासाठी चाळला जायचा. म्हणजे धूळ खाणारे फक्त अग्निशामक आणि पोलीस नव्हते. क्रेनचालक, वेल्डर, ट्रकवाले, बार्जवरचे खलाशी, आसपासची कार्यालयं पुसून काढणारे सफाई कामगार, स्वयंसेवक, सगळेच त्यात होते.

आता कायद्याकडे. न्यूयॉर्कची कामगार भरपाईची नेहमीची पद्धत शिडीवरून पडलेल्या माणसाला सोयीची आहे: ३० दिवसांत मालकाला कळवा, २ वर्षांत दावा दाखल करा. पडल्याची तारीख असते, साक्षीदार असतात. धुळीच्या आजाराला अशी तारीख नसते. या धुळीने आजारी पडलेल्यांवर उपचार करणाऱ्या वर्ल्ड ट्रेड सेंटर आरोग्य कार्यक्रमाचे निकष घन गाठींच्या बहुतेक कर्करोगांसाठी संपर्क आणि निदान यांत किमान ४ वर्षांचं अंतर मागतात, मेसोथेलिओमासाठी (ॲस्बेस्टॉसमुळे होणारा, बहुधा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) ११. इकडे २ वर्षांत दार बंद.

ही कोंडी फोडण्यासाठी २००६ मध्ये भरपाई कायद्यात प्रकरण ८-ए आलं. त्यातून निघाला हा कागद.

(दृश्य: फॉर्म डब्ल्यूटीसी-१२, जवळून.)

हा दावा नाही, नोंदणी आहे. ‘मी तिथे काम केलं’ एवढंच शपथेवर सांगायचं: कुणासाठी, कुठे, कोणत्या तारखांना. काम ११ सप्टेंबर २००१ ते १२ सप्टेंबर २००२ या काळातलं हवं. जागाही ठरलेल्या आहेत: कॅनॉल स्ट्रीट आणि पाइक स्ट्रीट यांच्या दक्षिणेचं मॅनहॅटन, फ्रेश किल्स, बार्जचं काम, शवागार. सही नोटरीसमोर करायची. आजार असण्याची अट नाही. आज ठणठणीत असलेल्यानेही भरावा, आणि गफलत होते ती इथेच. ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून लोक भरत नाहीत. दुसरी गफलत, आरोग्य कार्यक्रमात नाव घातलं की झालं, ही समजूत. आरोग्य कार्यक्रम, केंद्राचा पीडित भरपाई निधी आणि राज्याची कामगार भरपाई ही तीन वेगवेगळी दारं आहेत. एकीकडची नोंद दुसरीकडे चालत नाही. कामगार भरपाई मिळाली तर निधीच्या रकमेतून ती वजाही होते.

जागेच्या रकान्यात नुसतं ‘ग्राउंड झीरो’ (मनोरे कोसळले ती जागा) लिहू नका. रस्ता, इमारत, पाळी लिहा. उपकंत्राटदाराने रोख मजुरी दिली असेल तर पगाराची पावती नसणारच. अशा वेळी सोबत काम केलेल्याचं प्रतिज्ञापत्र, युनियनची हजेरी, प्रवेशपास, तारखेचा फोटो जोडा. आपल्याकडे प्रत ठेवा.

आजार निघाला की सी-३ हा खरा दावा: काम करण्याची क्षमता गेल्यापासून किंवा आजाराचं कारण कळल्यापासून, यातलं जे नंतरचं, तिथून २ वर्षांच्या आत. दाव्याचं भवितव्य डॉक्टरांच्या अहवालावर ठरतं. निदान, धुळीशी आलेला संपर्क, दोघांचा संबंध आणि अपंगत्वाचं प्रमाण हे चारही त्यात हवं. ‘संबंध असू शकतो’ एवढ्यावर डॉक्टर थांबले तर विमा कंपनी आपला तज्ज्ञ उभा करते आणि धूम्रपान, वय, जुना दमा सगळं बाहेर काढते. मंजुरी मिळाली तर सरासरी आठवडी वेतनाच्या दोन-तृतीयांश गुणिले अपंगत्वाचं प्रमाण, तेही कमाल मर्यादेत.

(दृश्य: अग्निशमन दलाचं स्मारक, कोरलेली नावं.)

शहराच्या अग्निशामक आणि पोलिसांची वाट वेगळी आहे. ते निवृत्तिवेतन यंत्रणेत येतात आणि २००५ च्या कायद्याने त्यांना एक मोठा आधार दिला: ठरावीक आजार झाला तर तो त्या कामामुळेच झाला असं गृहीत धरायचं, खोडून काढायचं ओझं समोरच्यावर. हा आधार योग्यच आहे. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जवान गेले होते. नंतर आजारांनी गेलेल्यांचा आकडा सप्टेंबर २०२३ मध्ये तिथवर पोहोचला.

पण त्याच ढिगाऱ्यावरच्या वेल्डरला, सफाई कामगाराला प्रकरण ८-ए ने वेळ दिला, गृहीतक दिलं नाही. त्याने आजही आपल्या फुफ्फुसांचा पुरावा स्वतःच गोळा करायचा. धूळ तीच होती, तर कायद्याने तिला दोन मापं लावू नयेत.

डब्ल्यूटीसी-१२ ची मुदत अनेकदा वाढवावी लागली. आताची तारीख ११ सप्टेंबर २०२६. अर्ज कामगार भरपाई मंडळाकडे द्यायचा, मालकाकडे नाही.