मराठीचा वर्ग आहे, शिक्षक आहेत. धड्यांचे पैसे कोण देणार?

नमस्कार. आधी एक शब्द बघा.

[पडद्यावर: जग]

जग म्हणजे दुनिया. आणि ‘शंभर वर्षं जग’ असा आशीर्वाद देतो, तोही जग. लिहिताना काही फरक नाही, पण ‘ज’ वेगळा उच्चारला जातो. आपल्याला हे कुणी शिकवलं नाही, कानावर पडत गेलं आणि आलं. अमेरिकेतल्या विद्यापीठात मराठीच्या पहिल्या वर्गात बसलेल्या मुलीला ते कसं कळणार? नुसतं छापील पुस्तक पुरत नाही, आवाज लागतो. आवाज म्हणजे बोलणारी माणसं, रेकॉर्डिंग, चुकलं की पुन्हा रेकॉर्डिंग. आणि या सगळ्याला पैसे लागतात.

अमेरिकेत हे पैसे आले कुठून? 4 ऑक्टोबर 1957 ला सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. त्याचा सहावा भाग, ज्याला आजही सगळे ‘टायटल सिक्स’ म्हणतात, परदेशी भाषांच्या शिक्षणासाठी होता. सुरुवातीला अग्रक्रमाच्या सहा भाषा ठरल्या, त्यात हिंदी-उर्दू होती. मराठी नव्हती. तरीही त्या काळात मराठीची पुस्तकं निघाली. कावडी आणि साउथवर्थ यांचं बोलण्याच्या मराठीचं पुस्तक 1965 चं, पेनसिल्व्हानिया विद्यापीठाचं. त्याच विद्यापीठातून 1975 मध्ये मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांचं मराठी व्याकरण आणि वाचनपुस्तकं आली. या दोघी फलटणला राहायच्या. परदेशी विद्यार्थ्याला मराठी कुठे अडते, हे त्यांनी फार बारकाईने टिपलं होतं.

आता 1975 पासूनची वर्षं मोजा. पन्नास झाली.

मग नवी पुस्तकं इतकी कमी का निघतात? वर्गात पाच-सहा विद्यार्थी असतात. एवढ्यांसाठी कोणता प्रकाशक पुस्तक काढेल? शिकवणारे बरेचदा करारावर नेमलेले असतात, आणि पाठ्यपुस्तक लिहिण्याला संशोधनलेखाइतकी किंमत मिळत नाही. म्हणून तेच शिक्षक रात्री घरी बसून झेरॉक्सच्या चळती तयार करतात. ते गेले की चळतीही जातात. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं.

अनुदानाचा उपयोग नेमका इथे होतो. शिकागो विद्यापीठात 2002 मध्ये दक्षिण आशियाई भाषांसाठी एक साधनकेंद्र सुरू झालं, टायटल सिक्सच्याच पैशातून. शिक्षकांना साहित्य तयार करायला छोट्या रकमा देणं हे त्याचं एक काम होतं. शिकागोचंच आणखी एक काम आपण सगळे वापरतो. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश आज आपण मोबाईलवर फुकट शोधतो, तो तिथल्या डिजिटल कोशांच्या प्रकल्पामुळे. पैसा त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी आला आणि फायदा पुण्या-नागपुरातल्या वाचकालाही झाला.

पण माझं म्हणणं पुढचं आहे. पैसा मिळतो तेव्हा तो बहुधा पहिल्या वर्षाच्या पुस्तकावर जातो. ‘माझं नाव’, ‘किती वाजले’, बाजारातला संवाद. मुलं खरी अडतात ती दुसऱ्या वर्षी. ‘आंबा’ कळतो, पण ‘आंब्याला’ कुठून आलं? ‘घोडा’चं ‘घोड्यावर’ का, आणि ‘नदी’चं मात्र ‘नदीत’ का? ‘ती आंबा खाते’, पण ‘तिने पोळी खाल्ली’ आणि ‘तिने आंबा खाल्ला’. क्रियापद अचानक खाणारीला सोडून खाल्लेल्या वस्तूच्या मागे जातं! हे एका तक्त्यात बसवता येतं, पण अंगवळणी पडायला शेकडो वाक्यं लागतात, आणि तीही सोपी, सलग, वाचावीशी वाटणारी. वर्तमानपत्र अजून झेपत नाही आणि बालगीत लहान पडतं, अशा वाचकासाठी लिहिणं हे वेगळं कौशल्य आहे. त्यासाठी लेखकाला मानधन द्यायला हवं.

दुसरी गोष्ट देखभालीची. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची एकच सांकेतिक व्यवस्था, रुळण्याआधी प्रत्येक मराठी फॉन्टची स्वतःची सांकेतिक व्यवस्था होती. तेव्हा मेहनतीने टाइप केलेले धडे आज उघडले, आणि तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर नुसती विचित्र चिन्हं दिसतात. कॅसेटींवरचे आवाज विरत चालले आहेत. अनुदान नवं काही करायला मिळतं, जुनं जिवंत ठेवायला सहसा मिळत नाही. त्यात 2011 मध्ये टायटल सिक्सला मोठी कात्री लागली, आणि अशा वेळी आधी जातात ते हेच लहान खर्च.

समाजाकडून पैसा येतो तेव्हा तो बहुधा अध्यासनासाठी, म्हणजे विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या कायमच्या पदासाठी, येतो. हार्वर्डमधल्या तमिळ अध्यासनासाठी 60 लाख डॉलर उभे राहिले, जगभरच्या तमिळ माणसांनी त्यासाठी हात सैल सोडले. मला त्यांचा आदर वाटतो. मराठीसाठी असं काही उभारायचं मनात असेल, तर माझी विनंती आहे: पहिल्याच अर्जात तीन खर्च वेगळे लिहा. दुसऱ्या वर्षाचं वाचन. मुंबईपासून विदर्भापर्यंतच्या बोलणाऱ्यांचे आवाज. आणि दर पाच वर्षांनी सगळं साहित्य तपासून नव्या यंत्रांवर चालतं ठेवणाऱ्या माणसाचा पगार. शिवाय तयार झालेलं सगळं सर्वांसाठी खुलं राहील, अशी अट घाला. मग एका विद्यापीठाने केलेला धडा दुसऱ्याला पुन्हा करावा लागणार नाही.

तुम्ही कुणाला मराठी शिकवत असाल, तर तुमचा विद्यार्थी नेमका कुठे अडतो ते खाली लिहा. शक्य असेल तर ते वाक्यच लिहा.