ताबा कुणाकडे?

(पडद्यावर: दाराशी ठेवलेली छोटी बॅग)

शुक्रवारची संध्याकाळ. बॅगेत दोन जोड कपडे, अर्धवट होमवर्क, आणि एक कान तुटलेला ससा, जो नसला की झोपच येत नाही. आईबाबा वेगळे झाले ना, की हा ससा पण दर आठवड्याला इकडून तिकडे. कोर्टात ज्याला ताबा म्हणतात तो घरात असा दिसतो.

शब्द तरी बघा, ताबा! जमिनीचा असतो, गाडीचा असतो. आणि कायदा खरंच बरीच वर्षं मुलांकडे तसंच बघायचा. इंग्लंडमध्ये कॅरोलिन नॉर्टन नावाची लेखिका होती, १८३६ मध्ये ती नवऱ्यापासून वेगळी झाली, त्याने तिन्ही मुलं स्वतःकडे ठेवली आणि कायद्याने त्याचं काही चुकलंच नव्हतं, कारण मुलं बापाची, विषय संपला. बाई गप्प बसली नाही, पत्रकं लिहिली, ओळखीतल्या खासदारांच्या मागे लागली आणि १८३९ ला कायदा झाला की सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आईला मागता येईल. मागता येईल हं, मिळेलच असं नाही. तिच्या मुलांना तर नवऱ्याने स्कॉटलंडला ठेवलं होतं, तिथे हा कायदा लागूच नव्हता. १८४२ मध्ये धाकटा घोड्यावरून पडला, आणि ती पोचेपर्यंत गेला होता.

(पडद्यावर: रिकामा कोर्ट हॉल)

पुढे प्रश्नच बदलला. मूल कोणाचं, हे सोडून मुलाचं भलं कशात, असं विचारायला लागले. इंग्लंडने १९२५ च्या कायद्यात मुलाचं हित सगळ्यात वर ठेवलं, आणि १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात ते कलम ३ मध्ये आलं.

नवरा-बायकोचंही बदललं म्हणा, कॅलिफोर्नियात १९७० पासून घटस्फोटासाठी कोणाची चूक सिद्ध करावी लागत नाही. पण भांडण खरं अडतं ते मुलांवरून. पैसे थकले म्हणून भेट बंद, भेट नाही म्हणून पैसे बंद, हा हिशोब आईबाप सर्रास करतात, आणि बहुतेक ठिकाणी कायदा तो मानत नाही, कारण खर्चही मुलाचा आणि भेटही मुलाचीच.

(पडद्यावर: टेबलावर खडू, कागद)

त्याच कराराचं कलम १२ सांगतं, मुलाचं म्हणणं ऐका, वयाप्रमाणे त्याला वजन द्या. पण ऐकायचं कसं? 'तुला कोणाकडे राहायचंय' असं तोंडावर विचारणं म्हणजे त्याच्याकडून एकाला नापास करून घेणं. जाणती माणसं वेगळं विचारतात. शाळेत सोडायला कोण येतं? रात्री भीती वाटली तर हाक कोणाला मारतोस? एखादं पोर मग सगळं सोडून सशाचं नाव सांगत बसतं, आणि समोरचा तेही लिहून घेतो.