स्वॅप किती ठेवायचा?

लिनक्स इन्स्टॉल करताना डिस्कची वाटणी सुरू होते आणि पडद्यावर एक रिकामी चौकट येते. स्वॅप, म्हणजे रॅममध्ये न मावणारं ठेवायला डिस्कवर राखलेली जागा, किती? बरेच जण इथे थबकतात आणि कधीतरी कानावर पडलेला नियम लावून मोकळे होतात: रॅमच्या दुप्पट.

हा नियम कुणी हवेतून काढलेला नाही. जानेवारी १९९२ मध्ये लिनक्सच्या ०.१२ आवृत्तीत मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवायची सोय आली, तेव्हा रॅम मोजक्या एमबींची असायची. पुढे २००१ मध्ये २.४ कर्नल, म्हणजे लिनक्सचा नवा गाभा, आला. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत, रॅममध्ये परत आणलेल्या पानाची (मेमरीच्या तुकड्याची) स्वॅपमधली जागाही अडूनच राहायची. दुप्पट स्वॅप तेव्हा खरोखर लागत होता. आज ३२ जीबीच्या संगणकाला तोच हिशेब लावला, तर ६४ जीबी डिस्क अडकून पडते.

मग स्वॅप शून्य ठेवला तर? मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण मेमरीच्या आत आहे.

कर्नल मेमरी पानापानांनी सांभाळतो. बहुतेक संगणकांत एक पान ४ केबीचं. काही पानं फाइलमधून आलेली असतात. ती टाकून दिली तरी डिस्कवरून पुन्हा वाचता येतात. पण प्रोग्रामने चालता चालता स्वतः तयार केलेल्या पानांची दुसरी प्रत कुठेच नसते. त्यांना रॅमबाहेर ठेवायची जागा म्हणजे स्वॅप. तो नसला, की सकाळी उघडून विसरलेल्या खिडकीची पानंही रॅममध्ये ठाण मांडून बसतात. जागा कमी पडली, की कर्नल फाइलवाली पानं काढू लागतो, आणि त्यात चालू प्रोग्रामचा कोडही असतो. तो लगेच परत वाचावा लागतो. पुन्हा काढा, पुन्हा वाचा. माउस गोठतो, डिस्कचा दिवा मात्र लुकलुकत राहतो. शेवटी ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की जागा मोकळी करणारा कर्नलचा भाग, एखादा प्रोग्राम बंद पाडतो, आणि तो नेमका तुमच्या कामाचाच असू शकतो.

अवाढव्य स्वॅपचा त्रास वेगळा. मेमरी गिळत सुटलेला प्रोग्राम तो सगळा स्वॅप भरेपर्यंत थांबत नाही, आणि तोवर संगणक रखडत राहतो.

८ ते ६४ जीबी रॅम असेल, तर रेड हॅट या लिनक्स कंपनीची शिफारस किमान ४ जीबी स्वॅपची आहे. घरच्या लॅपटॉपवर मीही ४ जीबीच ठेवेन. हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करायची सोय, वापरायचं असेल तर गोष्ट बदलते. तेव्हा रॅममधलं सगळं चित्र स्वॅपमध्ये उतरतं, म्हणून स्वॅप निदान रॅमएवढा हवा. फेडोरा या लिनक्सच्या प्रकारात ३३व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, झेडरॅम आपोआप मिळतो. तो पानं दाबून रॅममध्येच ठेवतो. उत्तम सोय आहे, पण वीज गेली की तोही रिकामा होतो. हायबरनेटला त्याचा उपयोग नाही.

आणि पहिला आकडा चुकला तरी बिघडत नाही. स्वॅप डिस्कच्या वेगळ्या वाटणीऐवजी फाइलमध्येही ठेवता येतो, आणि ती फाइल नंतरही वाढवता येते. वाढवायची का, हे टर्मिनल सांगेल. रोजचं सगळं काम उघडा आणि व्हीएमस्टॅट १ (vmstat 1) ही आज्ञा चालवा. दर सेकंदाला एक नवी ओळ येईल. त्यातले एसआय (si) आणि एसओ (so) हे दोन रकाने बघा: स्वॅपमधून आत काय येतंय, बाहेर काय जातंय. स्वॅप थोडा भरलेला दिसला तर काळजी नको, ती निजलेली पानं आहेत. पण हे दोन्ही आकडे सतत हलत राहिले, तर कमतरता रॅमची आहे. ती स्वॅप वाढवून भरून निघत नाही.