पहिल्या काही सेकंदांतला संगणक

[काळा पडदा. संगणक सुरू होतानाच्या ओळी सरकू लागतात.]

तीच माहिती दिली, तोच प्रोग्रॅम चालवला, की उत्तरही तेच यायला हवं. संगणकाकडून आपली पहिली अपेक्षा हीच असते. पण सुरक्षित वेबसाइट उघडताना ब्राउझरला याच यंत्राकडून असे आकडे हवे असतात, ज्यांचा अंदाज कुणालाही बांधता येणार नाही. त्या आकड्यांवरच संभाषणाची गुप्त किल्ली ठरते.

१९९५ साली नेटस्केप ब्राउझर याची तजवीज स्वतःच करत होता. घड्याळातली वेळ आणि प्रोसेसचे, म्हणजे चालू प्रोग्रॅम्सचे क्रमांक, एवढ्यावर सगळा डोलारा. बर्कलीतल्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅगनर या विद्यार्थ्यांनी दाखवून दिलं, की वेळ साधारण माहीत असेल तर उरलेल्या शक्यता संगणक भराभर तपासून टाकतो.

हे काम ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचं, म्हणजे कर्नलचंच आहे. कारण बाहेरच्या जगाची चाहूल आधी त्याला लागते. कळ दाबली गेली, नेटवर्कवरून पॅकेट आलं, डिस्कने उत्तर दिलं, की त्या क्षणाची वेळ कर्नल अतिशय बारकाईने टिपतो. त्या वेळेचे अगदी शेवटचे अंक कुणाच्याच हातात नसतात. प्रोग्रॅमर थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आणलं ते हेच.

आजच्या लिनक्समध्ये या सगळ्या नोंदी हॅशमधून, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या गणिती मिश्रणातून घुसळल्या जातात, त्यातून २५६ बिटांची किल्ली निघते आणि चाचा-ट्वेंटी नावाचा सायफर, म्हणजे गुप्तलेखनाची पद्धत, तिच्यापासून हवे तेवढे आकडे तयार करतो. यातली एक गोष्ट मला फार आवडते. आकडे देता देता कर्नल जुनी किल्ली पुसून नवी बसवतो. उद्या कुणी मेमरीत शिरलंच, तरी आज दिलेले आकडे त्याला मागे जाऊन काढता येत नाहीत.

[राउटरचे दिवे लुकलुकू लागतात.]

आता खरी अडचण. नवाकोरा राउटर पहिल्यांदाच सुरू होतोय. कीबोर्ड नाही, माउस नाही, फिरणारी डिस्क नाही, मागच्या वेळी जपून ठेवलेलंही काही नाही. आणि कायमची किल्ली मात्र त्याला आत्ताच बनवायची आहे. त्याच कारखान्यातून आलेला दुसरा राउटरही नेमका याच अवस्थेत असतो.

२०१२ मध्ये संशोधक नादिया हेनिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटभरच्या जाहीर किल्ल्या गोळा केल्या. अशा प्रत्येक किल्लीला एक खासगी जोडीदार असतो, तो मात्र यंत्राने लपवून ठेवायचा असतो. आरएसए या गुप्तलेखनाच्या पद्धतीत जाहीर किल्लीचा मुख्य भाग म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. तो फोडणं संगणकांना झेपत नाही. पण काही यंत्रांनी पहिली मूळ संख्या एकच निवडली होती. दुसरी निवडेपर्यंत घड्याळ पुढच्या सेकंदावर गेलं, म्हणून तेवढी वेगळी निघाली. अशा दोन गुणाकारांचा मसावि काढला, की सामाईक संख्या हाती येते. शाळेत शिकतो तोच मसावि! तपासलेल्या टीएलएस यंत्रांपैकी, म्हणजे सुरक्षित वेब जोडणी देणाऱ्या यंत्रांपैकी, अर्ध्या टक्क्याच्या खासगी किल्ल्या अशा उघड्या पडल्या.

२०१४ मध्ये लिनक्सला ‘गेटरँडम’ ही सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे आकडे मागायची सोय, मिळाली. पुरेशी सामग्री जमेपर्यंत ती मागणाऱ्याला थांबवून ठेवते. पण थांबवणंही सोपं नाही. २०१९ मध्ये फाइल सिस्टीममधल्या एका सुधारणेमुळे सुरुवातीला डिस्क कमी वेळा वाचावी लागू लागली. टिपण्याजोग्या घटना कमी झाल्या, आकड्यांची वाट पाहणं लांबलं आणि काही संगणक सुरू होता होता अडकून बसले. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांना ती चांगली सुधारणा तात्पुरती मागे घ्यावी लागली. पुढे प्रोसेसरच्या स्वतःच्या वेगातले बारीक चढउतार मोजून ही उणीव भरली गेली.

[एका खिडकीच्या दोन हुबेहूब खिडक्या होतात.]

व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकाचा प्रश्न याहून अवघड. चालू मशीनची प्रत काढली, की आतली गुप्त किल्लीही जशीच्या तशी दुसरीकडे जाते. दोन्ही मशीन तेच आकडे देऊ लागतात, आणि आपण दोन झालो आहोत हे दोघांनाही ठाऊक नसतं. म्हणून प्रत सुरू करताना बाहेरची यंत्रणा तिला नवा ओळखक्रमांक देते. तो बदललेला दिसला, की कर्नल लगेच किल्ली बदलतो. ओळखक्रमांक मिळून कर्नलचं तिकडे लक्ष जाईपर्यंतचा तो बारीकसा अवधी मात्र उरतोच.